फेल्टम ते माँत्रो : क्वीनच्या घडणीचा माग

रॉक संगीताचे चाहते लंडनला गेले की बीटल्समुळे गाजलेल्या ॲबी रोडच्या झेब्रा क्रॉसिंगवर फोटो काढून घेतात. माझी भक्ती दुसऱ्या दैवतावर असल्यामुळे मी तिकडे फिरकले नाही. क्वीन हा बँड १९७० साली लंडनमध्ये उभा राहिला आणि पुढच्या पंधरा वर्षांत त्याने जगातली मोठमोठी मैदाने भरवली. त्याचे नाव काढले की लोकांना मुकुट, झगे, धूर आणि दिव्यांचा झगमगाट आठवतो. या सगळ्या थाटामागे हातांनी केलेली ठाकठोक, वर्गात शिकलेले भौतिकशास्त्र आणि बेताच्या पैशांत निभावण्याची सवय होती, असे वाचनातून माझे मत झाले होते. ते जागेवर जाऊन ताडून पाहावे, म्हणून ही सहल आखली. भाचा नोकरीनिमित्त हाउन्सलोला राहतो, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न सुटला आणि सोबतही मिळाली.

सोमवार : फेल्टम

हीथ्रो विमानतळाला लागून असलेले फेल्टम हे पश्चिम लंडनचे साधेसुधे उपनगर आहे. पर्यटकांनी मुद्दाम यावे असे तेथे काही नाही. ग्लॅडस्टन ॲव्हेन्यूवरच्या बावीस क्रमांकाच्या घरावर निळी गोल पाटी आहे आणि तिच्यावर क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या नावाखाली फ्रेड बलसारा हे नावही लिहिले आहे. ही पाटी २०१६ साली लागली. घरात आजही लोक राहत असल्यामुळे समोरच्या पदपथावरून पाहायचे आणि पुढे निघायचे, एवढेच आपल्या हाती असते.

बलसार म्हणजे आजचे गुजरातमधले वलसाड. तेथून हे पारशी घराणे आले. फरोख बलसाराचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारला झाला, कारण त्याचे वडील बोमी तेथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर त्याला शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवण्यात आले. तेथे तो पियानो शिकला, ‘फ्रेडी’ झाला आणि चार वर्गमित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवू लागला. सुट्टीत तो मुंबईला मावशीकडे जाई. पाचगणीने जगाला फ्रेडी मर्क्युरी दिला, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. मला हे अर्धेच पटते. त्या शाळेने त्याला पियानो दिला आणि रंगमंचाची भीती घालवली हे खरे, पण त्याने स्वतः मुलाखतींमध्ये त्या वर्षांचा फारसा उल्लेख केला नाही. शिवाय क्वीन घडायला आणखी तिघांची गरज होती आणि ते तिघेही इंग्लंडात होते. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारला क्रांती झाली, त्यानंतर कुटुंब जीव मुठीत धरून निघाले आणि याच फेल्टममध्ये येऊन स्थिरावले.

गंमत अशी की, पुढे क्वीनचा गिटारवादक झालेला ब्रायन मे याच फेल्टममध्ये, ग्लॅडस्टन ॲव्हेन्यूपासून काही मिनिटांच्या अंतरावर लहानाचा मोठा होत होता. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. १९६३ च्या सुमारास सोळा वर्षांच्या ब्रायनला इलेक्ट्रिक गिटार हवी होती आणि चांगली गिटार विकत घेणे घराला परवडणारे नव्हते. वडील हॅरल्ड इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार होते. बापलेकांनी घरातच गिटार करायला घेतली आणि तिला जवळजवळ दोन वर्षे लागली. गिटारची मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महॉगनी लाकडातून कोरली. त्यात वाळवीसारख्या किड्याने पाडलेले भोक होते, ते आगपेटीच्या काडीने बुजवले. अंगासाठी जुन्या ओक टेबलाचे लाकूड वापरले. सूर हेलकावणाऱ्या दांडीच्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या होत्या, दांडीचे टोक आईच्या विणकामाच्या सुईचे होते, आणि पट्टीवरचे पांढरे ठिपके तिच्याच शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांतून घासून केले होते. हीच ‘रेड स्पेशल’. क्वीनच्या बहुतेक ध्वनिमुद्रणांत तीच वाजते, आणि ‘सर’ झालेले ब्रायन मे आजही तीच वाजवतात.

प्लास्टिकच्या पट्टीऐवजी ते सहा पेनीच्या नाण्याने तारा छेडतात. भाच्याने ते नाणे एका जुन्या नाणेवाल्याकडून मिळवून आणले होते. आपल्या जुन्या पंचवीस पैशांएवढे असेल. कडेला बारीक खाचा आहेत. नखावरून फिरवले की किरकिर जाणवते. मऊ प्लास्टिक तारेला भिडताना वाकते, नाणे वाकत नाही, आणि खाचांमुळे प्रत्येक सुराच्या तोंडाशी किंचित खरखर येते. भाच्याने घरी आल्यावर आपल्या गिटारवर दोन्हींनी वाजवून दाखवले तेव्हा तो फरक माझ्यासारख्या न वाजवणारीलाही कळला.

मंगळवार : केन्सिंग्टन

रॉयल अल्बर्ट हॉलच्या मागच्या बाजूला इम्पीरियल कॉलेज आहे. ब्रायन मे १९६५ मध्ये येथे भौतिकशास्त्र शिकायला आले. १९६८ मध्ये त्यांनी टिम स्टॅफेल या गायक मित्रासह ‘स्माइल’ हा बँड काढला आणि ड्रमर हवा म्हणून कॉलेजच्या सूचनाफलकावर चिठ्ठी लावली. ती वाचून रॉजर टेलर आला. तो कॉर्नवॉलहून लंडनला दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेला होता. वाजवण्याआधी तो ड्रम सुरात लावतो, हे पाहूनच मे चकित झाले होते. आपल्याकडे तबला लावल्याशिवाय कोणी हात चालवत नाही, त्यामुळे या आठवणीचे मला थोडे हसू आले. पण हौशी रॉक बँडमध्ये तेवढी शिस्त दुर्मीळ होती, हेही खरे.

स्टॅफेल ईलिंगच्या कला महाविद्यालयात शिकत होता आणि ग्राफिक डिझाइन शिकणारा फ्रेडी तेथे त्याचा मित्र झाला. स्माइलच्या कार्यक्रमांना हजेरी लावून ‘तुम्ही असे उभे राहा, असे कपडे घाला’ असे सल्ले देणारा हा मुलगा, १९७० मध्ये स्टॅफेल सोडून गेल्यावर स्वतःच गायक झाला. त्याने बँडचे नाव क्वीन ठेवले आणि आपले आडनाव मर्क्युरी केले. चौघांच्या राशींवरून बोधचिन्हही त्यानेच काढले : सिंहेचे दोन सिंह, कर्केचा खेकडा, कन्येच्या दोन पऱ्या आणि सगळ्यांवर पंख पसरलेला फिनिक्स. चौथा गडी जॉन डीकन १९७१ च्या सुरुवातीला आला. तो चेल्सी कॉलेजमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता, बेस गिटार वाजवत होता आणि बिघडलेले ॲम्प्लिफायर दुरुस्त करत होता. बँडला या तिन्ही गोष्टींचा उपयोग झाला.

केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर पूर्वी केन्सिंग्टन मार्केट नावाचा कपड्यांच्या गाळ्यांचा बाजार होता. तेथे फ्रेडी आणि रॉजर जुने कपडे विकत असत. आता तो बाजार उरलेला नाही. तेथून चालत आम्ही लोगन प्लेसला गेलो. फ्रेडीने १९८० मध्ये घेतलेले गार्डन लॉज हे घर उंच विटांच्या भिंतीआड आहे. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी याच घरात त्याचे निधन झाले. आपल्याला एड्स असल्याचे निवेदन त्याने केवळ एक दिवस आधी प्रसिद्ध केले होते. वर्षानुवर्षे चाहत्यांनी या भिंतीवर आणि दारावर संदेश लिहिले. पुढे भिंत साफ झाली आणि ते हिरवे दार घरातल्या वस्तूंबरोबर २०२३ च्या लिलावात विकले गेले. त्याच लिलावात त्याच्या पियानोला १७ लाख पौंडांहून अधिक किंमत आली. भिंतीपुढे फार वेळ थांबावे असे मला वाटले नाही. बँड समजून घ्यायचा तर इम्पीरियलचा परिसर अधिक बोलका आहे.

तेथली एक गोष्ट सांगायला हवी. मे यांनी पदवीनंतर ग्रहांच्या दरम्यान पसरलेल्या धुळीच्या गतीवर पीएच.डी.चे काम सुरू केले होते. बँड चालू लागल्यावर ते बाजूला पडले आणि तीस वर्षांहून जास्त काळाने, २००७ मध्ये, त्यांनी प्रबंध पुरा करून याच कॉलेजातून डॉक्टरेट मिळवली. मार्गदर्शकाला तोंड चुकवत फिरणाऱ्या आपल्याकडच्या संशोधकांना एवढा धीर पुरेसा आहे.

बुधवार : सोहो

सोहोतल्या सेंट ॲन्स कोर्ट या बोळात ट्रायडंट स्टुडिओ होता. आज इमारत पाहून काहीच कळत नाही, त्यामुळे हा दिवस बराचसा कॉफीच्या दुकानात बसून वाचण्यात गेला.

ट्रायडंटच्या मालकांनीच क्वीनला आपल्या कंपनीशी करारबद्ध केले होते. मोठे गिऱ्हाईक नसेल तेव्हाच, म्हणजे बहुधा अपरात्री, या चौघांना स्टुडिओ मिळे. पहिला अल्बम असा तुकड्यातुकड्यांनी मुद्रित होऊन जुलै १९७३ मध्ये बाहेर आला आणि फारसा खपला नाही. दुसरा मार्च १९७४ मध्ये आला. त्याच वर्षी ‘किलर क्वीन’ हे गाणे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले, तरीही चौघे आठवड्याच्या तुटपुंज्या पगारावरच होते. आपल्याला पैसे मिळत नाहीत ही त्यांची तक्रार आणि आम्ही आधी किती ओतले ते पाहा हे मालकांचे उत्तर, असा वाद १९७५ मध्ये काडीमोडावर संपला. चौथ्या अल्बमकडे वळताना क्वीनचे नाव झाले होते आणि खिसा रिकामा होता. पुढचा डाव फसला असता तर रॉजरला दात आणि ब्रायनला धूळ हे पर्याय उघडे होते.

गुरुवार : मॉन्मथ, वेल्स

पॅडिंग्टनहून रेल्वेने न्यूपोर्ट आणि तेथून बसने मॉन्मथ. गावाबाहेर रॉकफील्ड हे शेत आहे. किंग्जली आणि चार्ल्स वॉर्ड या शेतकरी भावांनी १९६० च्या दशकात गोठे आणि तबेले बदलून तेथे स्टुडिओ केला. कलाकारांनी तेथेच राहायचे, जेवायचे आणि रात्रंदिवस काम करायचे, अशी ही जगातली पहिली सोय मानली जाते. स्टुडिओ अजून चालू असल्याने कामाच्या दिवशी आत जाता येत नाही. आम्ही रस्त्यावरूनच आवार पाहिले. दगडी बुटक्या इमारती आहेत, मधे अंगण आहे, आणि चहूकडे कुरणे व मेंढ्या.

ऑगस्ट १९७५ मध्ये येथे चौथ्या अल्बममधल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याचे मुद्रण सुरू झाले. या गाण्याला ध्रुपद नाही. संथ पियानोवरचे गाणे, मग ऑपेरा, मग दणदणीत रॉक आणि पुन्हा संथ शेवट, असे त्याचे खंड आहेत. पियानो, बेस आणि ड्रम यांचा पाया रॉकफील्डला घातला गेला. गळ्याचे काम पुढे अनेक स्टुडिओंमध्ये चालले. निर्माता रॉय टॉमस बेकर याने ऑपेरासाठी टेपवर अर्ध्या मिनिटाची जागा कोरी सोडली होती. ‘गॅलिलिओ’ हा शब्द त्या खंडात पुन्हा पुन्हा येतो; फ्रेडी रोज असे नवे ‘गॅलिलिओ’ घेऊन येई आणि टेपचा तेवढा तुकडा वाढवावा लागे.

हे काम कसे चालले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर हे तिघेच गात होते; डीकन गात नसे. सर्वांत उंच सूर रॉजरचे आहेत. तिघांनी मिळून एक सूर गायचा, मुद्रित करायचा, त्यावर पुन्हा तोच सूर गायचा, मग त्याच्या वरचा, मग खालचा. टेपवर वेगवेगळे आवाज साठवायला चोवीसच पट्टे होते. ते भरले की अनेक पट्ट्यांवरचे आवाज मिसळून एका-दोन पट्ट्यांवर उतरवायचे, म्हणजे उरलेले पुन्हा मोकळे होतात. मात्र एकदा मिसळलेले परत वेगळे करता येत नाही आणि प्रत्येक उतरवणीत मूळ आवाज थोडा झिजतो. त्यामुळे पुढे कोणता सूर येणार आहे, हे आधीच डोक्यात पक्के असावे लागते. ही मांडणी फ्रेडीच्या डोक्यात होती. टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजून तिच्यातून उजेड दिसू लागला होता. तीन गळ्यांतून उभा राहिलेला तो समूहगायनाचा डोलारा ऐकताना यातले काहीच जाणवत नाही.

गाणे पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे झाले. एवढे लांब गाणे रेडिओवर कोणी लावणार नाही, असे रेकॉर्ड कंपनीचे म्हणणे होते. केनी एव्हरेट या निवेदकाने कॅपिटल रेडिओवर शनिवार-रविवारी ते चौदा वेळा लावले आणि तो प्रश्न मिटला. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रसिद्ध झालेले हे गाणे ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. फ्रेडी गेल्यावर १९९१ च्या डिसेंबरात ते पुन्हा तेथे पोहोचले.

परतीच्या बसची वाट पाहताना भाच्याने विचारले, “मावशी, आता तर हे सगळं लॅपटॉपवर एका दुपारी होईल ना?”

होईल, पण मग सगळे पर्याय शेवटपर्यंत मोकळे राहतील. येथे प्रत्येक उतरवणीला काहीतरी कायमचे ठरत होते, आणि ते ठाम असणे गाण्यात ऐकू येते, असे मला वाटते. त्याला हे पटलेले दिसले नाही.

शुक्रवार : हायबरी, युस्टन रोड, वेम्बली

सकाळी उत्तर लंडनमधल्या हायबरी न्यू पार्कला गेलो. तेथे वेसेक्स हा स्टुडिओ चर्चच्या जुन्या इमारतीत होता. आता तिच्यात सदनिका आहेत. ‘वी विल रॉक यू’चे ‘धम् धम् टाळी’ १९७७ मध्ये येथेच मुद्रित झाले. त्याच्या आधी स्टॅफर्डच्या एका कार्यक्रमात बँड रंगमंचावरून गेल्यावर प्रेक्षकच गाऊ लागले होते. गर्दीत दाटीवाटीने उभ्या असलेल्या लोकांना काय करता येईल, असा विचार मे करू लागले : पाय आपटता येतील, टाळी देता येईल आणि गाता येईल. वेसेक्समध्ये काही जुन्या फळ्या पडून होत्या. त्यांवर मोजक्या लोकांनी पाय आपटले, ते अनेकदा मुद्रित केले आणि प्रत्येक थराला किंचित वेगळा विलंब दिला. हे विलंब मूळ संख्यांच्या, म्हणजे २, ३, ५, ७ अशा दुसऱ्या कशानेही भाग न जाणाऱ्या संख्यांच्या, प्रमाणात ठेवले होते. नेहमीच्या प्रमाणात ठेवले असते तर थर एकमेकांवर बसून प्रतिध्वनी ऐकू आला असता. मूळ संख्यांमुळे ते कोठेच नीट जुळत नाहीत आणि कानाला मैदानभर पसरलेली माणसे वाटतात. गाण्यात ड्रम नाहीतच. आज क्रिकेटच्या सामन्यांतही घुमणारा तो ठेका भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने बसवला आहे.

युस्टन रोडवरच्या शॉ थिएटरजवळ पाच मिनिटेच थांबलो. जुलै १९८५ मध्ये वेम्बलीला झालेल्या ‘लाइव्ह एड’ या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमाआधी क्वीनने येथे घड्याळ लावून तालीम केली. त्या वेळी बँड उताराला लागल्यासारखा होता. अमेरिकेत त्यांची पकड सुटली होती. त्याहून वाईट म्हणजे १९८४ मध्ये वर्णद्वेषी राजवटीच्या काळात संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक बहिष्कार मोडून त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सन सिटीत कार्यक्रम केले होते आणि त्याबद्दल कलाकारांच्या संघटनेने दंडही केला होता. आम्ही राजकारणात पडत नाही, हे त्यांचे स्पष्टीकरण मला तेव्हाही पटण्यासारखे नव्हते आणि आताही नाही. चाहत्यांनी हे प्रकरण झाकू नये.

वेम्बलीचे जुने स्टेडियम पाडून २००७ मध्ये नवे झाले. जुने मनोरे गेले, आता मोठी कमान आहे. १३ जुलै १९८५ रोजी संध्याकाळी येथल्या सुमारे ७२,००० प्रेक्षकांपुढे क्वीनने एकवीस मिनिटांत सहा गाणी बसवली. नवे गाणे नाही, लांबण नाही. लोकांना पाठ असलेल्या गाण्यांचे ओळखीचे तुकडे नेमके जोडलेले. त्या दिवशी उत्स्फूर्त वाटलेली गोष्ट तालमीत मापून घेतलेली होती. फ्रेडीने प्रेक्षकांकडून आलाप घेतले ते मात्र मापात बसणारे नाहीत. आमच्या गावच्या कीर्तनकारबुवांची टाळकऱ्यांवर असते तशी पकड या माणसाची एका अख्ख्या स्टेडियमवर होती. पुढच्या वर्षी ९ ऑगस्टला नेबवर्थला झालेला कार्यक्रम त्याचा बँडबरोबरचा अखेरचा ठरला.

शनिवार-रविवार : माँत्रो, स्वित्झर्लंड

जिनिव्हाहून माँत्रोला जाणारी रेल्वे जवळजवळ सगळा वेळ सरोवराच्या काठाने, द्राक्षमळ्यांच्या उतारांखालून धावते. क्वीनने १९७८ मध्ये येथल्या कॅसिनोतल्या माउंटन स्टुडिओत ‘जॅझ’ अल्बमचे काम केले आणि पुढच्याच वर्षी स्टुडिओ विकत घेतला. ट्रायडंटमध्ये उरलेल्या वेळावर गुजराण केलेल्या बँडने हे करावे, यात मला व्यवहार दिसतो. गायक डेव्हिड बोवीबरोबरचे ‘अंडर प्रेशर’ हे गाणे १९८१ मध्ये येथेच जन्मले.

कॅसिनोच्या त्याच जागेत आता संग्रहालय आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. झगे आणि हस्तलिखिते आहेतच, पण मला कंट्रोल रूम महत्त्वाची वाटली. ती खोली अगदी लहान आहे. तेथे गाण्यातले वेगवेगळे आवाज आपल्याला स्वतः कमीजास्त करता येतात. मी गिटार बंद केली, मग ड्रम बंद केले आणि फ्रेडीचा एकटा आवाज ठेवला. श्वास घेतल्याचे ऐकू येते. मागे शाळकरी मुलांची रांग खोळंबल्यावर भाच्याने मला तेथून उठवले.

१९९१ च्या मे महिन्यात फ्रेडी येथे शेवटचे गायला. तोवर त्याला उभे राहणेही जड जात होते. ‘मदर लव्ह’ हे गाणे पुरे लिहूनही झालेले नव्हते. मे एकेक कडवे लिहून देत होते आणि तो ते लगेच गात होता. आपल्यामागे हे आवाज वापरून बाकीच्यांनी गाणी पुरी करावीत, असा त्याचा हिशेब होता. शेवटचे कडवे उरले, ते मे यांनी स्वतः गायले. तिघांनी त्या मुद्रणांवर काम करून १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ प्रसिद्ध केला. ठिगळ दिसत नाही इतके ते काम सफाईने झाले आहे. फेल्टमच्या गिटारीतली काडीही अशीच दिसत नसावी. डीकन १९९७ नंतर निवृत्त झाला आणि आजतागायत लोकांपासून दूर आहे. मे आणि टेलर ॲडम लँबर्टला घेऊन क्वीनच्या नावाने कार्यक्रम करतात. लँबर्ट उत्तम गातो, तरी त्या नावाखाली मला तो ऐकवत नाही. हा माझा हट्ट समजावा. आकडे माझ्या हट्टाची पर्वा करत नाहीत : क्वीनचा १९८१ चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा ब्रिटनमध्ये आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम आहे आणि तेथे त्याच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती गेल्या आहेत.

रविवारी सरोवराकाठचा फ्रेडीचा पुतळा पाहिला. इरेना सेडलेत्स्का या झेक शिल्पकर्तीने केलेला हा ब्राँझचा पुतळा माणसाच्या दीडपटीहून उंच आहे, मूठ आकाशाकडे उगारलेली आहे आणि तोंड पाण्याकडे. लंडनमध्ये त्यासाठी जागा मिळेना, म्हणून नोव्हेंबर १९९६ मध्ये तो येथे बसला. पुढे २००२ मध्ये क्वीनच्या गाण्यांवरचे संगीत नाटक लंडनच्या डोमिनियन थिएटरमध्ये लागले, तेव्हा दारावर त्याच पुतळ्याची भलीमोठी प्रतिकृती चढवली गेली. नाटक बारा वर्षे चालून २०१४ मध्ये उतरले आणि पुतळ्याचे करायचे काय, असा प्रश्न आला. रॉजर टेलरने तो नेऊन आपल्या बागेत उभा केला.